कोटऱ्याचं पाळणाघर

रत्नप्रभाताई आठल्ये निवृत्त होणार आणि 'ओसरी'च्या संचालकपदासाठी अर्ज मागवले जाणार, हे कळलं त्याच दिवशी विनिता पागेने अर्ज लिहायला घेतला. तिच्या आईला, उषाबाईंना, ते मुळीच रुचलं नाही.

"अगं, समाजकार्यात कुणी पद मागतं का?" मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तिथे राबते आहेस. त्यांना वाटलं तर देतील."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर आपलं काम चालू ठेवायचं. सेवा करणाऱ्याने मागू नये."

विनिता हसली. हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. वडिलांच्या नोकरीमुळे नागपूरचं हे कुटुंब भोपाळला आलं आणि पिपलानीच्या क्वार्टरमध्ये रुजलं. धाकटा भाऊ इंजिनिअर झाला तेव्हा तो एक दिवस मॅनेजर होणार हे घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं. विनिताने समाजकार्यात एम.ए. केलं, तेव्हा तिने सगळ्यांशी गोड वागावं आणि वेळेवर घरी यावं, यापलीकडे कुणाची काही अपेक्षा नव्हती.

"आई, मी मागत नाहीये," ती म्हणाली. "मला ते काम जमेल असं वाटतंय, म्हणून सांगतेय. न सांगता त्यांना कळणार कसं?"

तिचा नवरा गिरीश मूळचा इंदूरचा, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. अर्ज वाचून त्याने शेवटचं वाक्य खोडलं. 'संस्थेने योग्य समजल्यास ही जबाबदारी स्वीकारण्यास मी तयार आहे,' असं तिने लिहिलं होतं.

"हे काय? तुला बघायला आलेत का?" तो म्हणाला. "सरळ लिही, मला हे पद हवं आहे."

तिने तसं लिहिलं. लिहिताना कानशिलं तापली, पण लिहिलं.

'ओसरी' म्हणजे कामावर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी चालवलेली पाळणाघरं. रत्नप्रभाताई लग्नानंतर उज्जैनहून भोपाळला आल्या, कोटरा सुल्तानाबादला राहिल्या आणि घरकामाला येणाऱ्या बाईचं तान्हं मूल दिवसभर जिन्यात निजलेलं असतं हे पाहून त्यांनी आपली पुढची खोली मोकळी केली. नाव मराठीतलं ठेवलं. हिंदी बोलणाऱ्या आया त्याला 'ओसारा' म्हणू लागल्या आणि तेही ताईंना चाललं. पुढे मुलं वाढली तशी पाळणाघराने गल्लीतलीच एक बैठी इमारत भाड्याने घेतली, मग शहरात आणखी केंद्रं निघाली, आणि भोपाळबाहेर मंडीदीपला कारखान्यांच्या मागे एक मोठं केंद्र उभं राहिलं. विनिता तिथली समन्वयक होती.

मुलाखतीला विश्वस्त मंडळ बसलं होतं. दिल्लीहून व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलेला एक उमेदवार विनिताच्या आधी आत जाऊन आला होता आणि बाहेर येताना छान हसत होता. विनिताला सगळ्यांनी अपेक्षित प्रश्न विचारले. शेवटी रत्नप्रभाताई बोलल्या. पांढरी सुती साडी, मोठा चष्मा, आणि आवाज असा की खोलीतला पंखासुद्धा जरा दबून फिरावा.

"विनिता, तुला नाही म्हणता येतं का?"

ही तयारी तिने केली नव्हती. ती म्हणाली, "येत नाही, ताई. शिकावं लागेल."

"कोण शिकवणार?"

"तुम्हीच. तुम्ही मला कितीतरी वेळा 'नाही' म्हटलंय."

मंडळी हसली. ताई हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या आठवड्यात विनिताची नेमणूक झाली. उषाबाईंनी अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले आणि प्रत्येक घरी सांगितलं, "हिने काही मागितलं नव्हतं हो, त्यांनीच दिलं."

संचालक झाल्यावर विनिताने पहिले काही दिवस जी चूक केली, ती जवळजवळ सगळेच करतात. ती पूर्वीचंही काम करत राहिली आणि नवीनही. सकाळी मंडीदीपला मुलांच्या हजेरीला उभी, दुपारी शहरातल्या कार्यालयात, संध्याकाळी पुन्हा फोनवर. तिची मुलगी जुई तेव्हा नववीत होती. एकदा जेवताना ती म्हणाली, "आई, तू आता बॉस आहेस ना? फिर भी सबका फोन तूच का उचलतेस?"

"बॉस नाही गं, संचालक."

"तेच ना. आमच्या प्रिन्सिपल मॅम कधी घंटा वाजवायला जातात का?"

गिरीशने मान खाली घालून वरण ओढलं. विनिताला राग आला, आणि दुसऱ्या दिवशी तिने मंडीदीपची रोजची जबाबदारी तिथल्या रेवतीकडे सोपवली. रेवती तिच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने काम करायची, मुलांना जेवायच्या आधी गाणी म्हणायला लावायची आणि त्यामुळे जेवण उशिरा व्हायचं. विनिताने ते पाहिलं आणि गप्प बसली. हे गप्प बसणं तिला अर्जापेक्षा अवघड गेलं.

हात मोकळे झाल्यावर तिला एक गोष्ट दिसू लागली. मंडीदीपच्या केंद्रात मोठी मुलं भरपूर होती, पण तान्ही जवळपास नव्हतीच. पाळणे रिकामे डोलत असायचे. कारखान्यात तर तरुण आया शेकड्याने होत्या. मग त्यांची बाळं कुठे होती?

तिने जेवणाच्या सुट्टीत फाटकाजवळ बसून बायकांना विचारलं. त्यातल्या बऱ्याचजणी भोपाळमधल्या अशोका गार्डन या वस्तीतून कंपनीच्या बसने यायच्या.

"दीदी, बच्चे को बस में कैसे लाएँ?" एकजण म्हणाली. "सीट अपने को ही नहीं मिलती. गोद में छह महीने का, और पूरे रास्ते खड़े."

"मग ठेवता कुठे?"

"बड़ी लड़की देखती है."

"तिची शाळा?"

ती बाई डबा बंद करू लागली. तिच्या शेजारणीने उत्तर दिलं, "छुड़वा दी."

विनिता त्या आठवड्यात अशोका गार्डनला गेली. रेल्वेलाइनकडच्या गल्ल्यांमध्ये दुकानांवर दुकानं, त्यांच्या वर खोल्या, आणि खोल्यांच्या दारात कडेवर भाऊ घेतलेल्या मुली. सकाळच्या बसगाड्या निघून गेल्यावर अख्खी गल्ली या मुलींच्या ताब्यात असायची. पाळणाघर कारखान्याजवळ असून उपयोग नव्हता. ते इथे, बस जिथून सुटते तिथे हवं होतं. तिला ते इतकं लख्ख दिसलं की परत येताना रिक्षात ती स्वतःशीच मान डोलावत होती.

अडचण एकच होती. नवं केंद्र उघडायचं तर माणसं आणि पाळणे कुठून तरी काढायला हवे होते. आणि ते कुठून काढता येतील, हे तिला ठाऊक होतं.

कोटऱ्याचं पाळणाघर ओस पडत चाललं होतं. मागची वस्ती उठून शहराबाहेरच्या नव्या घरांमध्ये गेली होती. आसपासच्या फ्लॅटांमधले लोक मुलांना प्ले-स्कूलमध्ये घालायचे. जी मोजकी मुलं उरली होती, ती बहुतेक पुढच्या सत्रात शाळेत जाणार होती. तिथली सेविका शिल्पा शितोळे, ग्वाल्हेरची, मूळची हौशी बाई. पण हल्ली ती दुपारी दारात बसून लोकरीचे मोजे विणायची. ते कुणाच्या पायाचे हे तिलाही माहीत नसायचं.

पण ते ताईंचं पाळणाघर होतं. त्यांच्या घरापासून चार दारं सोडून. सकाळी खिडकी उघडली की मुलांचा आवाज यायचा.

मंडळाच्या बैठकीत विनिताने प्रस्ताव मांडला. ताई आता विश्वस्त म्हणून समोर बसल्या होत्या. अशोका गार्डनचं सगळं ती नीट बोलली. कोटऱ्यावर आली आणि तिची जीभ जड झाली.

"कोटऱ्याचं केंद्र आपण तात्पुरतं थांबवू," ती म्हणाली. "तिथली माणसं आणि सामान काही काळ इकडे वापरू. पुढे गरज दिसली तर पुन्हा बघता येईल."

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "संचालक तू आहेस. निर्णय तुझा." ठराव मंजूर झाला. चहा आला तेव्हा ताई उठून गेल्या होत्या.

त्यानंतर ताईंनी फोन करणं बंद केलं. पूर्वी त्या आठवड्यातून एकदा तरी काहीतरी निमित्त काढायच्या. आता विनिताने फोन केला तर "बरं आहे" एवढंच बोलून ठेवायच्या. दिवाळीला विनिता फराळ घेऊन गेली, तेव्हा कामवाल्या बाईने दारातूनच डबा घेतला आणि ताई झोपल्या आहेत म्हणून सांगितलं. आतून रेडिओचा आवाज येत होता.

इकडे अशोका गार्डनला जागा मिळाली होती, एका निवृत्त रेल्वे गार्डच्या घराचा तळमजला. रंगकाम सुरू होतं. त्याच गल्लीतली नफीसा नावाची तरुण मुलगी सकाळच्या पाळीला यायला तयार झाली होती. बारावी शिकलेली, आणि एकदा हातात मूल घेतलं की ते रडायचं विसरायचं. शिल्पाने मात्र यायला नकार दिला.

"दोन बसा बदलून येऊ का मी या वयात?" ती म्हणाली. "आणि ताई काय म्हणतील?"

विनिताला वाटलं, सगळं मनासारखं होतंय आणि तरी मनाला बरं वाटत नाही. गिरीशला ती म्हणाली, "मी चुकीचं केलं का?"

"निर्णय चुकीचा वाटतो का तुला?"

"नाही."

"मग त्यांच्याकडे जा. फराळ न घेता."

ती रविवारी सकाळी गेली. ताई स्वतःच दार उघडायला आल्या. बस म्हणाल्या नाहीत, पण खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं. विनिता बसली.

"ताई, तुम्ही रागावला आहात."

"हो."

एवढं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. "कोटऱ्याचं केंद्र बंद होतंय म्हणून?"

"मला काय डोळे नाहीत?" ताई म्हणाल्या. "मी रोज खिडकीतून बघते. तिथे मुलं नाहीत, शिल्पाचे मोजे आहेत. तू अर्ज करायच्या आधीच ते बंद करायला हवं होतं, मीच. माझ्याने झालं नाही."

"मग?"

"तू तात्पुरतं म्हणालीस." ताईंचा आवाज आता चढला. "पोराला कडू औषध देताना गोड आहे म्हणून सांगतात, तसं. सगळ्यांसमोर. मी काय तुझ्या पाळण्यातली आहे? सगळ्या खोलीला कळत होतं की ते कायमचं आहे, आणि सगळे माझं तोंड बघत होते, म्हातारीला कळलं की नाही म्हणून."

हे आपण ताईंसाठी केलं असं विनिताला वाटत होतं. पण खरं तर ते तिने स्वतःसाठी केलं होतं, ताईंच्या चेहऱ्याकडे बघायला लागू नये म्हणून. हे तिथे बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं आणि ते लक्षात येणं काही सुखाचं नव्हतं.

ती सरळ बसली. "ताई, कोटऱ्याचं केंद्र बंद होतंय. ते पुन्हा उघडणार नाही. इथली जी मुलं उरली आहेत त्यांची सोय मी केली आहे. दोघांना शेजारच्या अंगणवाडीत घातलंय, बाकीची शाळेत जातील. पाळणे आणि माणसं अशोका गार्डनला लागणार आहेत."

ताईंनी खिडकीतून चार दारांपलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हां. आता बरं वाटलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या आत जाऊन चहा ठेवू लागल्या आणि स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, "बंद करणार म्हणजे कसं? कुलूप घालून निघून जाणार? एखादं दुकान बुडाल्यासारखं?"

"मग कसं करू?"

"मी सांगते कसं. ते माझ्याकडे दे."

आणि ताईंनी ते काम हातात घेतलं. शिल्पाला बरोबर घेऊन त्यांनी जुन्या मुलांचा माग काढायला सुरुवात केली. कुणाची आई अजून कोटऱ्यातच कामाला होती, कुणाचा मामा भाजीचा ठेला लावायचा, असं एकाकडून दुसऱ्याकडे जात त्या बऱ्याच जणांपर्यंत पोचल्या. शिल्पाचे मोजे बाजूला पडले. विनिताने विचारलं, काही मदत हवी का, तर ताई म्हणाल्या, "तू तुझं बघ."

डिसेंबरातल्या एका रविवारी कोटऱ्याच्या त्या बैठ्या घरात माणसं मावेनात. पाळणाघरात वाढलेली मुलं आता बापे आणि बाया झाली होती. एक नर्स होती, एक शहर बसचा ड्रायव्हर, एकाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. एक जाडजूड तरुण आपल्या मुलीला खांद्यावर घेऊन आला होता आणि भिंतीवर एका जागी हात ठेवून तिला सांगत होता, "यहाँ सोता था तेरा बाप. टाट की चटाई पर." आयाही आल्या होत्या, आता म्हाताऱ्या झालेल्या. पोहे-जिलबी होती. ताई मधोमध खुर्चीवर बसल्या होत्या आणि कोण चावायचं, कोण भिंत खरवडून खायचं, हे सगळ्यांदेखत सांगत होत्या.

भाषण करायचा आग्रह झाला तेव्हा त्या उभ्या राहिल्या. "ये जगह आज बंद हो रही है," त्या म्हणाल्या. "क्योंकि यहाँ अब बच्चे नहीं हैं. जहाँ बच्चे हैं, वहाँ विनिता खोल रही है. अब पाळणे उठाओ, टेम्पो खड़ा है."

हसू आणि रडू एकदमच झालं. ज्या पाळण्यांमध्ये ते झोपले होते, ते त्या बाप्यांनीच उचलून टेम्पोत चढवले. बसचा ड्रायव्हर टेम्पोवाल्याला सारखं बजावत होता की वळणावर सावकाश घे. खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली शिल्पा खाली उतरली आणि विनिताला म्हणाली, "मी दुपारच्या पाळीला येईन. सकाळी नाही जमणार. आणि मला तिथे सगळं समजावून सांगायला माणूस नको, मला येतं."

"तुम्हालाच तिथे प्रमुख करायचं आहे, शिल्पाताई."

"प्रमुख-बिमुख नंतर बघू. आधी स्वयंपाकघर दाखव."

जानेवारीत अशोका गार्डनचं केंद्र सुरू झालं. उजाडताना थंडीत शाली गुंडाळलेल्या बायका बाळांना घेऊन यायच्या, नफीसाच्या हातात द्यायच्या आणि बसकडे पळायच्या. पहिल्या आठवड्यात वरचे रेल्वे गार्ड साहेब रडण्याच्या आवाजाची तक्रार घेऊन खाली आले. नफीसाने त्यांच्याकडे एक बाळ दिलं आणि म्हणाली, "अंकल, बस दो मिनट, दूध गरम कर लूँ." त्या दिवसानंतर त्यांची तक्रार आली नाही, उलट ते रोज सकाळी मफलर गुंडाळून खाली येऊ लागले. त्यांना एकच बाळ हवं असायचं, ते ठरलेलं.

विनिताने शाळेच्या मुख्याध्यापिकांना भेटून गल्लीतल्या मोठ्या मुलींना पुन्हा वर्गात घ्यायला लावलं. सगळ्याजणी परत गेल्या नाहीत. दोघींनी शिवणकाम धरलं होतं आणि त्यांना ते सोडायचं नव्हतं. पण बऱ्याच गेल्या. बसची वेळ झाल्यावर आता गल्लीतून दप्तरं जाताना दिसायची.

मार्चमध्ये ताई पहिल्यांदा तिथे आल्या. सांगून आल्या नाहीत. विनिता तेव्हा आयांच्या बैठकीत होती. बायकांना ओव्हरटाइमच्या दिवशी केंद्र रात्रीपर्यंत उघडं हवं होतं आणि विनिता त्यांना सांगत होती की हे होणार नाही.

"क्यों नहीं होगा, दीदी?"

"क्योंकि यहाँ काम करने वाली भी घर जाएँगी. उनके भी बच्चे हैं." मग तिने पुढे सांगितलं, "ओव्हरटाइम की बात कंपनी से करनी है. जिस दिन हो, वो सुबह बताया करें, शाम को नहीं. मैं चलूँगी, पर अकेली नहीं. तुम में से कौन चलेगा?"

जरा कुजबूज झाली. मग दोन हात वर आले, मग तिसरा.

ताई मागे पायऱ्यांवर उभ्या राहून ऐकत होत्या. बैठक संपल्यावर त्या आत आल्या आणि सगळं बघत फिरल्या. भिंतींचा हिरवा रंग त्यांना अजिबात आवडला नाही, दवाखान्यासारखा दिसतो म्हणाल्या. खिचडीत हिंग जास्त झाल्याचं सांगितलं. शिल्पाने कमरेवर हात ठेवून विचारलं, "मग तुम्ही करता का उद्यापासून?"

"करते की. बस कुठून मिळते ते सांग."

त्या खरोखरच यायला लागल्या, मंगळवारी आणि शुक्रवारी. स्वयंपाकघरात त्यांचं आणि शिल्पाचं दर वेळी वाजायचं, आणि दोघींनाही ते फार आवडायचं.

कंपनीतल्या भेटीच्या दिवशी विनिता सकाळीच केंद्रावर आली होती. ज्या तीन बायका बरोबर येणार होत्या त्या नवीन कुर्ते घालून, केसांना तेल लावून तयार होत्या आणि घाबरल्या होत्या. त्यांनी काय बोलायचं हे ताई त्यांच्याकडून वदवून घेत होत्या, आणि त्या चुकल्या की मोठ्याने हसत होत्या. बस आली. विनिताने जाताना मागे वळून पाहिलं नाही, कारण तिच्या शेजारी बसलेली बाई तिला विचारत होती की साहेबांच्या समोर आधी नमस्ते म्हणायचं की आधी बसायचं, आणि विनिताला उत्तर द्यायचं होतं.

"आधी बसायचं," ती म्हणाली. "खुर्ची ओढून, आरामात."